लसूण न खाता लसणाचा वास

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावर बसलेले हृदयविभागाचे मोठे डॉक्टर, ज्यांना निरोप देताना माझ्यासारख्या बडबड्याचीही जीभ जड होते आहे त्या आपल्या आहारतज्ज्ञ बाई, परिचारिका भगिनी, आणि समोर बसलेल्या माझ्या समदुःखी बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

बाईंच्या निरोपाला मीच का बोलायचं? आपल्या हृदयरुग्ण मंडळात माझ्याहून नीट पथ्य पाळणारे पुष्कळ आहेत. पण सचिवांनी बैठकीत विचारलं, "बाईंना सगळ्यात जास्त ताप कुणी दिला?" आणि सगळी बोटं माझ्याकडे वळली.

मी निवृत्त वजनमापे निरीक्षक. उभं आयुष्य दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलं. ग्रॅमभर फरक दिसला की दुकानदाराला घाम फोडायचो. अशा माणसाला मायक्रोग्रॅमने चारी मुंड्या चीत केलं, ही ती हकीकत.

हृदयाचा झटका नुकताच येऊन गेला होता. पोट, साखर, रक्तदाब आणि चरबी ही चौकडी आधीपासूनच मुक्कामाला होती. डॉक्टर तिला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात, आमची सौभाग्यवती 'तुमचे जिवलग मित्र' म्हणते. अशात फोनवर लेख आला, की शरीराला रोज मायक्रोग्रॅमभर लागणारं सेलेनियम नावाचं खनिज घ्या, हृदय ठणठणीत! मी तो जेवणाच्या टेबलावर मोठ्यांदा वाचून दाखवला. मग बाईंना विचारलं. त्यांनी माझं रक्त तपासून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुमच्यात ते पुरेसं आहे. कमी असतं तर विचार केला असता. वर आणखी घालून हृदय सुधारतं असं काही दिसलेलं नाही. उलट जास्त झालं तर बाधतं."

मी समजूतदारपणे मान डोलावली आणि परतताना त्याच गोळ्यांची एक बाटली विकत घेतली. लपवली माझ्या जुन्या पितळी वजनांच्या पेटीत. त्या पेटीला घरात कुणी हात लावत नाही.

पुढे काही आठवड्यांत माझ्या तोंडाला लसणाचा वास यायला लागला. आता हिला लसूण सोसत नाही, त्यामुळे तो आमच्या घरात येतच नाही. मग संध्याकाळी फिरून आलेल्या नवऱ्याच्या तोंडाला लसणाचा वास, यावरून बायकोने काय समजायचं? अतिदक्षता विभागात हिचा हात धरून मी शब्द दिला होता, बाहेरचं चमचमीत पुन्हा खाणार नाही म्हणून. ही मला दारातच अडवून श्वास हुंगायची.

"अहो, खरं सांगा, कुठे हादडून आलात?"

"तुझी शपथ, काही नाही खाल्लं."

"माझी शपथ नका घेऊ. मला जगायचंय अजून."

एक दिवस ती भांडली नाही, रडली. म्हणाली, "मरायचंच असेल तर माझ्या डोळ्यांसमोर मरा. असं कुठल्या तरी भज्यांच्या गाडीसमोर उभं राहून नको." मला फार लागलं ते. खाण्याच्या बाबतीत जन्मात प्रथमच मी खरं बोलत होतो, आणि ते कुणाला पटत नव्हतं. गोळ्यांचा संबंध माझ्या डोक्यातही आला नाही.

पुढे केस गळू लागले, नखं तुटू लागली. शेवटी ही आणि सूनबाई मला आरोपीसारखं बाईंपुढे घेऊन गेल्या. "विचारा यांना, कुठे खातात ते!"

बाईंनी जवळ येऊन वास घेतला, माझी नखं पाहिली आणि शांतपणे विचारलं, "यांना सेलेनियम कोण देतंय?"

मी पंख्याकडे पाहत म्हणालो, "मीच घेतो. रोज दोन."

हिने आता माझ्यावर तुटून पडायला हवं होतं. पण ती खाली बघून पुटपुटली, "एक गोळी मीही आणून दुधात फोडून घालते. म्हटलं, हे स्वतःहून कुठलं घेतायत!"

तेवढ्यात सूनबाई रडायलाच लागली. "आई, मी ओट्समध्ये त्या सेलेनियमवाल्या परदेशी बियांची पूड घालते हो. चांगली मूठभर. बाबांच्या लेखात होतं ना!"

मंडळी, माझं घरात कुणी ऐकत नाही, अशी माझी कायमची तक्रार असते. तो लेख मात्र दोघींनी मन लावून ऐकला होता.

बाईंनी सगळं बंद करायला लावलं. यापुढे यांच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी टेबलावर, सगळ्यांसमोर यायची, असा नियम घालून दिला. आणि मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, सेलेनियम जास्त झालं की श्वासाला लसणाचा वास येतो. ते बाहेर काही खात नव्हते." बाई, त्या शेवटच्या वाक्यासाठी मी आज इथे उभा आहे. हृदयावर इलाज करणारे पुष्कळ भेटले, माझा शब्द मला परत मिळवून दिलात तुम्ही.

आता वास गेला आहे, नखं पुन्हा धड झाली. केसांनी मात्र फारसं मनावर घेतलेलं नाही. ही अजूनही रोज संध्याकाळी मला दारात थांबवून श्वास हुंगते. वास येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मीही एक पायरी खालीच उभा राहतो, म्हणजे तिला टाचा उंच कराव्या लागत नाहीत.

बाई, नव्या ठिकाणी तुम्हाला माझ्याहून शहाणे पेशंट मिळोत, ते फारसं अवघड नाही. अध्यक्षांनी वेळ दिला आणि आपण सर्वांनी ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, जास्तच झालं असणार, तर तेवढं पोटात घाला.