फाटकी चटई

टेविता – कमरेची ती फाटकी चटई सोड आधी. स्टॉलवर लोक यायला लागलेत.

लोसालिने – नाही सोडणार.

टेविता – मागच्या आठवड्यात माझ्या कमरेच्या चटईला प्लॅस्टिकची म्हणालीस, मी ऐकून घेतलं. आता ही बांधून आलीस, मला खिजवायला? अख्ख्या युनिव्हर्सिटीसमोर?

लोसालिने – तुला खिजवायला एवढं ओझं कोण बांधेल? काखेपर्यंत टोचतंय. तू टोंगाचा ना? अशी फाटकी कधी बांधतात माहीत नाही?

टेविता – मी ब्रिस्बेनचा. जन्मापासून. तूच सांग.

लोसालिने – बाबा गेले.

टेविता – काय बोलतेस.

लोसालिने – मंगळवारी. पोरांनी सगळ्यात मोठी, सगळ्यात फाटकी बांधायची असते. मला गावी पोचता आलं नाही. माती दिली ती फोनवर बघितली, तो व्हिडिओपण मध्येच अडकला. मग इथल्या आत्याने ही बांधून दिली.

टेविता – सांगायचंस ना मला.

लोसालिने – सांगायलाच फोन केला होता. तू म्हणालास, 'हसरा चेहरा घेऊन ये', आणि ठेवलास.

टेविता – हे बघ, वाईट वाटतंय मला, खरंच. पण समोरच्या स्टॉलवर सामोआवाल्यांकडे ढोल आहेत, सहा पोरी आहेत. आपल्याकडे नाचणारी तू एकटी. आज नवी नावं नोंदवली गेली नाहीत तर आपल्या टोंगा क्लबची खोली जाईल. मग रविवारी गायचं कुठे, पार्किंगमध्ये? एकच नाच कर. लगेच परत बांध.

लोसालिने – एका नाचापुरते बाबा परत येणारेत का?

टेविता – तसं नव्हतं म्हणायचं मला.

(कॅमेरा घेतलेली एक मुलगी स्टॉलपाशी थांबते.)

मुलगी – ए, गवताचा घागरा, किती भारी! थोडी कंबर हलव ना, व्हिडिओ घेते. आणि हस की, तुम्ही बेटांवरचे लोक कायम खूश असता ना?

लोसालिने – टेविता, तूच काय ते बोल.

मुलगी – आणि तू तर रग्बीवाला दिसतोस.

टेविता – मी अकाउंट्स शिकतो. दमा आहे मला. कॅमेरा खाली घे. तो घागरा नाही. तिचे वडील गेलेत.

मुलगी – अगं बाई. सॉरी हं. मग नाच... किती वाजता आहे?

टेविता – नाच नाहीये. पलीकडे ढोल वाजतायत, तिकडे जा.

लोसालिने – एक नाव घालवलंस.

टेविता – जाऊ दे. तो स्पीकर बंद कर.

लोसालिने – आणि खोली?

टेविता – पार्किंगला छप्पर आहे. ऐक, आईची एक जुनी चटई माझ्या गाडीत पडलीय. डिकीत, टायरखाली. मी बांधली तर चालेल?

लोसालिने – तू नात्यातला नाहीस. तुला लहानशी पुरते.

टेविता – लहानच आहे. पण मला बांधता येत नाही.

लोसालिने – घेऊन ये. आणि तो फुलाफुलांचा शर्ट बदल.

टेविता – काळा नाहीये माझ्याकडे.

लोसालिने – मग उलटा घाल.

(थोड्या वेळाने. टेविता शर्ट उलटा घालून, चटई घेऊन येतो.)

टेविता – आता?

लोसालिने – तिकडे तोंड कर. हात वर घे. श्वास सोड.