फटीतनं दिसतं पाणी

जखमेवरची हळद. ढोलकी. बंद केलेलं एसटीचं इंजिन. पोट धरून हसणारा ठेकेदार.

काही लागतं का एकमेकांना, मंडळी? लागेल. आधी हे सांगा — खाणारा दोषी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्याच्या खाण्यावर गाणं रचून हसणारा? तो कोण?

खाडीकाठचं एक गाव. नाव नको, तुमच्यातल्याच कुणाचे पाहुणे निघायचे तिथले. तिथे जानूअण्णा गुरव शिमग्याची गाणी रचायचे. गावात पूल येणार होता — येणार होता, येणारच होता. पूल उभा राहायच्या आधी पुलावरची गाणी म्हातारी झाली. ठेकेदार शेठ पुढच्या रांगेत बसून ऐकायचे, हसायचे आणि अण्णांना शाल द्यायचे. अण्णांना वाटे, केवढं मोठं मन!

अखेर पूल झाला. अण्णांची लेक कुंदा पलीकडच्या अंगणवाडीत शिकवायची, रोज स्कूटीने जायची. एकदा म्हणाली, "आबा, मधला सांधा उघडलाय. खालचं पाणी दिसतं."

"थांब, थांब. कडवं झालं हे."

"आबा, मी रोज जाते त्यावरून."

पण अण्णा ढोलकीवर —
पूल बांधला शेठानं, फटीतनं दिसतं पाणी,
गळ टाकून बसा मधोमध, मासे धरा कोणी!

गाव लोळलं हसून. शाल आली. फट तिथेच.

मग एक दिवस कुंदा लंगडत घरी आली. चाक फटीत गेलं होतं. गुडघा सोललेला, तोंड पांढरं. अण्णांनी हळद लावली. म्हणाले, "उद्या नको जाऊ." ती म्हणाली, "मी नाही गेले, तरी पोरं त्यावरूनच येणार ना?"

अण्णा तडक बांधकाम खात्याच्या कचेरीत. साहेबांनी चहा सांगितला आणि स्वतःच सुरू — "पूल बांधला शेठानं..." सगळी कचेरी ताल धरायला लागली.

"साहेब, थट्टा नाही ही."

"अण्णा, तुम्ही असं गंभीर बोललात की जास्तच हसू येतं."

काय करावं या माणसाने? सकाळी तो पुलाच्या मधोमध, फटीशी जाऊन बसला. लोक जमले. "अण्णा, नवं कडवं?" अण्णा फटीतनं खाली बघत होते. मागे एसटी थांबली. लोकांनी जुनंच कडवं धरलं, टाळ्यांवर. अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला, फटीत सोडला. लोक कठड्याशी धावले. खाली पंचा वाहत चालला होता.

टाळ्या थांबल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. "मी नाय नेत गाडी पुढं."

त्या दिवसापासून पूल बंद आहे. लोक पुन्हा होडीने जातात, पाय भिजतात, आणि शिव्या देतात — शेठना? छे हो, अण्णांना! "बरा चालला होता पूल. या गुरवाला काय अवदसा आठवली?" कुंदा त्याच होडीत बसते. ऐकून घेते.

आता तुमच्याकडे वळतो. मघाशी कडव्याला टाळी कोणी दिली? मान खाली घालू नका, मी पाहिलंय. हसा की, हसायला ना नाही. पण हसणारा माणूस तक्रार करत नाही, हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर तो पुढच्या रांगेत बसतो.

त्या पुलाच्या भूमिपूजनाला अख्खं गाव शेठकडे जेवून आलं होतं.