आधी शेपूट, मग कोट

— तर लिहून घे, पोरी, या अख्ख्या खोऱ्यात कपड्यातून स्कंकच्या पिचकारीचा वास काढणारा माझ्यासारखा दुसरा माणूस नाही! म्हणजे दुसरा कुणी हे काम करायला तयारच नाही, आणि मागच्या उन्हाळ्यात एका शहरी माणसाचा तंबू मी असा काही धुतला की वास राहिला आणि तंबू गेला — पण तो भाग सोडून दे. तू ये, बस इथं पायरीवर. पिशवी आत नाही आणायची! तिथंच, लाकडांच्या ढिगापलीकडं ठेव. आणखी लांब. हां. वेंडल गोकी म्हणतात मला, पण ते तुला ठाऊकच असणार, आणि तू लायमन स्टॅनर्डची सून, बर्लिंग्टन शहरातून आणलेली — बघ, ओळखलं की नाही? अगं, तुझं तोंड कशाला बघायला हवं, तू वळणावर होतीस तेव्हाच पिशवीनं ओरडून सांगितलं कोण येतंय ते. म्हातारा स्वतः नाही आला? नाहीच येणार. वेंडल गोकीच्या पायरीवर यायला त्याचे गुडघे दुखतात. तंबाखू आणायला मात्र रोज डोंगर उतरतो.

काय काय आहे आत? कोट, विजार, बूट, झोपायची पिशवी, पाठीवरची पिशवी — अरे वा, बंदुकीची खोळसुद्धा! आणि हे लाल लाल काय वाळलंय सगळ्यावर? नको, सांगू नकोस, मला सांगू दे. टोमॅटोचा रस! ओतला ना टबात? डबेच्या डबे फोडून? हा हा हा! अगं, या डोंगरातला प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा टोमॅटोच्या रसात बसतो, त्याचा बाप बसला होता म्हणून हा बसतो, आणि बाहेर येऊन म्हणतो, गेला बरं का वास! वास कुठं जातोय? नाक दमतं. नाक म्हणतं, मी चाललो आता, तुम्ही बघा काय ते. मग हा गडी दुकानात शिरतो आणि दुकान रिकामं होतं. आता लायमनच्या कोटाला कसला वास येतोय सांगू? स्कंकनं शेवयांवर टोमॅटोचं कालवण घातल्यासारखा. हसू नकोस, तुझा सासरा आहे. बरं, हस. हसलीस की चांगली दिसतेस. नाही हसणार? नको तर नको.

आणि नंतर पाण्यात घातलं असणार सगळं. गरम पाण्यात? आणि वाळवायच्या यंत्रात! अगं बाई! बघ, हा वास म्हणजे तेल असतं, तेल, त्या जनावराच्या शेपटाखालून उडालेलं. पाण्यानं ते जात नाही, उलट आत झिरपतं, आणि थोडा वास तर असा लबाड असतो की कोरड्यात झोपून राहतो. तुला वाटतं गेला. मग पाऊस पडतो, बर्फ अंगावर वितळतं, माणसाला घाम येतो, की हा उठून बसतो, पहिल्या दिवसासारखा ताजा! म्हणून आधी ओलं करायचंच नाही. आधी वाऱ्यावर टांगायचं. मग औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड, खरचटल्यावर लावतात ते, त्यात खायचा सोडा, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक पिळका — झालं. पण कालवलं की लगेच वापरायचं, बाटलीत भरून बूच लावायचं नाही. मी लावलं होतं एकदा. ते बूच अजून त्या छपरात आहे, मान वर कर, दिसेल. आणि लोकरीला जपून, रंग उडतो. चामड्याच्या बुटाला हे चालतच नाही, त्याला व्हिनेगर, आणि उन्हं, आणि धीर. लायमनकडं यातलं काय आहे? व्हिनेगर असेल.

काय म्हणत होतीस? थांब जरा, आधी माझं होऊ दे. शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतोय, आणि लायमनला शनिवारी पहाटे त्याच्या झाडावर बसायचंय, हे मला ठाऊक आहे, अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे. आणि हा माणूस कसा, तर वर्षभर आम्हाला शहाणपण शिकवणार की हरीण डोळ्यांनी नाही बघत, नाकानं बघतं! मोसमाआधी महिनाभर कोट डब्यात बंद, डब्यात फरच्या झाडाची पानं, वरून मातीचं ढेकूळ. बिनवासाच्या साबणानं आंघोळ. ऑक्टोबर लागला की कांदा बंद. बायकोला जवळ येऊ देत नाही म्हणे — माफ कर, सासूबद्दल बोलतोय तुझ्या. असा तो बिनवासाचा लायमन स्टॅनर्ड! आता शनिवारी तो झाडावर चढला ना, तर हरणं सोड, कॅनडातली अस्वलं वाट बदलतील. देवा, देवा. मला त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचंय.

आता लायमनच्या शिकारीच्या कॅम्पखाली स्कंक आलाच कसा, हे मला काय माहीत? मला कशाला विचारतेस? नोव्हेंबरात त्यांना थंडीसाठी घर लागतं, कॅम्पची लाकडी खोली खांबांवर उभी, खाली कोरडी जागा, आला असेल बिचारा. बायको शोधत आला असेल. सार्डिनचा वास आला तर कुठलाही भला स्कंक येईल —

सार्डिन? मी सार्डिन म्हणालो? मासे म्हणालो असेन. माणसं टाकतात काहीबाही.

तू बघतेस कशी गं. अगदी शाळेतल्या आमच्या बाईंसारखी, त्यांनी असं बघितलं की मी सगळं कबूल करायचो, न केलेलंसुद्धा, म्हणून तर पाचवीनंतर गेलोच नाही. बरं, ऐक. पण लायमनला सांगायचं नाही. नाही, लायमनला सांगायचंच! पण नीट सांगायचं, पहिल्यापासून.

तुला शेपटाचा रिवाज माहीत आहे? तू बर्लिंग्टनची, तुला कोण सांगणार. कॅम्पवर ज्याचा नेम हुकला, हरीण समोर होतं आणि गोळी झाडली आणि गेलं, त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट, म्हणजे खालचा लोंबता घेर, कापायचं. संध्याकाळी कोर्ट भरतं, लायमन न्यायाधीश, शेगडीपाशी बसून, डोक्यावर बायकांची लोकरी टोपी. साक्षी, पुरावे, बीअर, आणि मग सुरीनं कच्चकन. शेपूट भिंतीला ठोकायचं, खाली नाव. पूर्वेकडची अख्खी भिंत शेपटांनी भरलेली आहे, पार लायमनच्या आजोबापासून. मी किती जणांची कापली असतील! पाद्र्याचं कापलंय मी, पाद्र्याचं, आतल्या गंजीसकट. मजेचा रिवाज आहे गं. मी त्याच्या विरुद्ध नाही. हे लक्षात ठेव, मी विरुद्ध नाही.

पण गेल्या मोसमात गोळी झाडली लायमननं. मी खालच्या ओढ्यापाशी होतो, तो वरच्या कड्यावर. गोळी वाजली, आणि एक शिंगाळा नर माझ्यासमोरून उडी मारून गेला, इतक्या जवळून की मला त्याचा श्वास दिसला. माझ्या बंदुकीची नळी गार होती, थंडगार! मी म्हटलं, हात लावून बघा. पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्याच नळ्या गार होतात, नाही का. लायमन टोपी घालून बसला आणि म्हणाला, वेंडल हुकला, मी वरून बघितलं. आणि मी म्हटलं, खोटं! आणि सगळे हसले. का हसले? कारण मी. कारण मी त्यांच्या कॉफीत मीठ घातलंय, बुटात बेडूक घातलेत, परवाने तपासायला वॉर्डन आला म्हणून त्यांना आतल्या लांब विजारीवर बर्फात पळवलंय. वेंडल खरं बोलतोय हे त्या खोलीत कुणाला सुचलंच नाही. मी म्हटलं, बरं, कापा, पण हा शर्ट नको. पिशवीत दुसरा आहे, तो कापा, दोन कापा, विजार कापा! तर आणखी हसले. बघा, वेंडल काय छान रडतोय! दोघांनी धरलं मला. लायमननं कापलं.

हा बघ, हाच. मागं वळतो, बघ. नाही, घालतोच मी, का नाही घालायचा? समोरून चांगला आहे की. ऑर्फानं शिवलाय. माझ्या बायकोनं. तिचे हात तेव्हा — बोटं वळत नव्हती गं तिची, शेवटच्या हिवाळ्यात. बटणं मी लावली, बघ कशी वाकडी. शिलाई तिची. मी म्हणायचो, बये, ठेव ना ते, दुकानात मिळतात शर्ट. तर म्हणायची, दुकानातल्याचं शेपूट आखूड असतं, तुझी पाठ उघडी पडते लाकडं फोडताना. म्हणून मुद्दाम लांब ठेवलं तिनं. वीतभर लांब. आणि नेमका तेवढाच तुकडा... लायमनला काय, लांब होतं तर कापायला सोपं गेलं. आणि त्या शेपटाच्या आतल्या बाजूला, शिलाईच्या शेवटी, तिनं दोरा तोडला नव्हता. गाठ मारली आणि दोरा तसाच सोडला, लोंबता. विसरली, की मुद्दाम, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

मी मागितलं. तसं काही नाही की मागितलं नाही. मोसम संपल्यावर एकदा गेलो त्याच्या घरी, नाताळात मेपलच्या पाकाची बरणी घेऊन गेलो, टोपी काढून मागितलं. म्हणाला, भिंतीवरचं भिंतीवर, वेंडल, पाद्र्यालाही परत दिलं नाही. आणि बरणी ठेवून घेतली! बरणी ठेवून घेतली, हे सांग तुझ्या नवऱ्याला, बाप काय माणूस आहे ते. आणि वसंतात निरोप पाठवला, की वेंडलनं आता कॅम्पवर येऊ नये, फार मनाला लावून घेतो. मी! मनाला लावून घेतो! कुलूप बदललं. जन्मभर ज्या कॅम्पवर गेलो, ज्याचं छप्पर मी घातलं, तिथं कुलूप.

तर मग काय करणार मी? बंदूक घेऊन जाणार? मी काय तसला आहे? मी सार्डिनचे डबे घेऊन गेलो. तेलातले, मोहरीतले नाहीत, मोहरी त्यांना आवडत नाही. एक डबा ओढ्याजवळ, एक वाटेत, बाकीचे खोलीखाली, अगदी शेगडीच्या खाली, जिथं लायमन बसतो. रोज जायचो. माझं-त्याचं चांगलं जमलं होतं गं, मी कुजबुजायचो आणि तो खायचा. पाय आपटायला लागला की मी समजायचो, आता निघायचं. सभ्य प्राणी, आधी सांगतो तो, पाय आपटतो, शेपूट उभं करतो, पुरेसा वेळ देतो. माणसासारखं नाही. मग गेल्या आठवड्यात सगळे कॅम्प उघडायला गेले, आणि लायमनचा कुत्रा, तो बिस्किट, शिरला खोलीखाली. कुत्र्याला काय कळतंय पाय आपटलेले! फळ्यांच्या फटीतून पिचकारी सगळी वर, डब्यातून नुकत्याच काढलेल्या कोटावरसुद्धा. मी पलीकडच्या टेकडीवर होतो, दुर्बीण घेऊन. लायमन बाहेर आला तो एका बुटात. एका बुटात, पोरी! आणि उलट्या करत त्याच हौदात डोकं घातलं, ज्यात कुत्रा आधीच बसला होता. ऑर्फा गेल्यापासून मी असा हसलो नव्हतो. झाडाला धरून हसलो.

काय गं, सारखं तोंड उघडतेस, थांब, मुद्द्यावर आलोय. मी हे कपडे धुवीन. असे धुवीन की हरीण येऊन त्याच्या मांडीवर बसेल. नाहीतर दुसरंही करता येतं मला. दुकानातली ती चकचकीत पावडर आहे ना, कपडे ज्यादा पांढरे करणारी? माणसाला काही दिसत नाही, पण हरणाला तो कोट दिव्यासारखा दिसतो. त्यात बुडवीन, इस्त्री करून देईन, आणि लायमन झाडावर नाताळच्या रोषणाईसारखा बसेल, महिनाभर, आणि त्याला कळणारही नाही का. किंवा वास नुसता झोपवून देईन. शनिवारी पहाटे दव पडेल तेव्हा उठेल आपोआप. माझ्या हातात आहे सगळं. बुटाच्या नाडीपर्यंत माझ्या हातात आहे. दुसऱ्या कुणाकडे जा म्हणावं!

तर जा आणि त्याला सांग. पैसे नकोत मला. माफी पण नको, त्याची माफी मी काय करू, दाताला लावू? पूर्वेच्या भिंतीवर, खिडकीच्या डावीकडं, निळ्या-राखाडी चौकड्यांचं, लांब शेपूट. खिळा नीट काढ म्हणावं, पक्कडीनं, ओढायचं नाही, दोरा लोंबतोय त्याला जपायचं. आणून या पायरीवर ठेवायचं, त्यानं स्वतः, गुडघे दुखोत नाहीतर मोडोत. आधी शेपूट, मग कोट. शेपूट नाही तर शनिवार नाही! जा आता. जा, अंधार पडेल, आणि पिशवी राहू दे, ती कोण चोरतंय. जा म्हणतोय ना! अशी काय बघतेस? बोल की मग, मघापासून तोंडात काय धरून बसलीयेस?

“ते शेपूट आता नाही, वेंडलकाका. वास काही केल्या जाईना म्हणून काल बाबांनी कॅम्पातलं कापड म्हणून जे होतं ते सगळं बाहेर ओढून पेटवलं. गाद्या, पडदे, भिंतीवरची शेपटंसुद्धा. स्कंक आला नसता तर होतंच की ते तिथं, खिळ्याला.”