गोलसमोरची चादर

डोळ्यांत थेंब घालून मला बाकावर बसवलं होतं. डोळे मिटलेलेच होते, पण कानांना कोण अडवणार? शेजारी बहीण-भाऊ बोलत होते, माझी मुलं पूर्वी भांडायची तसेच.

"ताई, फुटबॉल संघाचा मुख्य कोच मीच. आज ठरलं."

"मग तोंड का पाडलंयस?"

"सोबतची माणसं मीच निवडायची. गोलकीपरच्या कोचसाठी तुझं नाव सांगितलं, तर बैठकीतले सगळे हसले. धुणं वाळत घालणारी बाई नको म्हणे."

"गोलसमोर चादर बांधून सराव घेते म्हणून?"

"हो ना."

"अरे, सामन्यात समोर एवढी गर्दी असते, चेंडू दिसतो तो अगदी शेवटच्या क्षणी. त्याचीच सवय लावते मी."

"मला पटतं गं. ताईशिवाय सही करणार नाही, असं सांगून आलोय."

"शहाणाच आहेस! तुझ्या उपकाराची नोकरी नकोय मला."

"मग काय करू?"

"फोन लाव. म्हणावं, ताई उद्या चादर घेऊन येतेय. सगळ्यात मोठ्याने जो हसला, त्यानेच गोलमध्ये उभं राहायचं."

"ते संघाचे मालक आहेत, ताई."

"असू देत. हातमोजे माझे देते."