ओडोव्याचे खडे

(सरोवराकाठचा दवाखाना, किसुमूजवळ. नर्स रिस्पा, आठव्या महिन्यातली अवूर आणि तिची आई दोर्सिला.)

रिस्पा : परत सातच. तीन महिने लोहाच्या गोळ्या देतेय आणि रक्ताचा आकडा जागचा हलत नाही. गोळ्या गिळतेस की कोंबड्यांना घालतेस?

अवूर : गिळते हो सिस्टर. रोज.

दोर्सिला : माझ्यासमोर गिळते.

रिस्पा : नीट बोला मावशी, कळत नाही. तोंडात काय आहे?

दोर्सिला : काही नाही. दाढ सुजलीय.

रिस्पा : आणि तुझ्या ओठाला काय लागलंय, अवूर?

अवूर : दोनच खडे खाल्ले. ओडोव्याचे.

रिस्पा : म्हणजे मातीच. मी इथे घसा कोरडा करायचा आणि तू घरी जाऊन माती खायची.

अवूर : वास आला की राहवत नाही. आणि घरात पोतंच आहे.

दोर्सिला : माझ्या दुकानातला सगळ्यात चांगला माल देते तिला. भाजलेला, स्वच्छ. बाजारातल्या सगळ्या पोटुशा बायका माझ्याकडेच येतात.

रिस्पा : माहीत आहे. तिथून धापा टाकत माझ्याकडे येतात.

दोर्सिला : माझ्या आईने खाल्ला, मीही खाल्ला. काही झालं नाही.

रिस्पा : शेवटचं सांगते. रक्त श्वासातली हवा बाळापर्यंत नेतं. बोडावाला मोटरसायकलवर नाक्यावरून माणूस उचलतो आणि दारात सोडतो, तसं. त्या गाड्या बनवायला लोह लागतं. मी ते देते, तुमची माती ते पोटातच धरून ठेवते. मग गाड्या येणार कुठून? बाळंतपणात हिचं रक्त गेलं तर दोघंही हाताला लागणार नाहीत.

दोर्सिला : तोंड सांभाळ, पोरी.

रिस्पा : नाही सांभाळत. वैतागलेय मी.

दोर्सिला : रक्त लागलं तर माझं घे. आमचा गट एकच आहे. लागेल तेवढं घे.

रिस्पा : बोट द्या. बघू... मावशी, आठ.

दोर्सिला : म्हणजे?

रिस्पा : म्हणजे आडातच नाही. तुमचं रक्त घेता येणार नाही.

दोर्सिला : मी कुठे गरोदर आहे?

रिस्पा : तुम्ही किती खाता?

दोर्सिला : चाखल्याशिवाय माल कसा विकणार?

अवूर : दिवसभर चाखते, सिस्टर. झोपतानासुद्धा.

रिस्पा : मग हिच्यासाठी दुसरं कोणी शोधा. आजच.

दोर्सिला : शोधते. पोरी...

रिस्पा : आता काय?

दोर्सिला : थुंकायचं कुठे?