व्याह्यांशी लावलेली मोटारींची शर्यत

हसू नका, आधी ऐका. माझ्या पोरानं, सुरेशनं, राहुरीत नवा कॉम्प्युटर घेतला तवाची गोष्ट. त्यावर, फोनच्या तारेनं जोडून, पुण्याच्या व्याह्यांशी मोटारींच्या खेळाची शर्यत ठरली. जल्मभर ट्रॅक्टर हाकलेला गडी मी, म्हणालो, मीच खेळनार.

सुरेश म्हणाला, "दादा, आधी चित्र अडकत न्हाई ना, ते बघू."

पडद्यावर मोटार सुटली. मी बटनं दाबली, वळनावर अंग वाकवलं, पायानं क्लचसुद्धा शोधला. मोटार पहिली आली! तसाच व्याह्यांना फोन लावला, "पाव्हणं, आत्ताच हार कबूल करा."

फोन ठेवला तर सुरेश म्हणतो, "दादा, ती चाचनी हुती. गाडी कॉम्प्युटरच पळवत हुता."

"मंग आधी सांगायचं न्हाई व्हय, गाढवा?"

"तुमी ऐकता व्हय?"

खरी शर्यत सुरू झाली. माझी मोटार पहिल्याच भिंतीला चिकटली, ती शेवटपर्यंत. शर्यत संपताच व्याह्यांचा फोन. "पाव्हणं, तुमच्याकडं चित्र अडकलं का हो?"

म्हणालो, "व्हय, चित्रच अडकलं!"

तवापासून पुण्यात सुरेशचा कॉम्प्युटर बदनाम हाय, मी न्हाई.