घंटेतलं गवत

दार्मी : हात लावू नका त्या घंटेला!

गल्गालो : अगं, जिच्या गळ्यात ही बांधायची ती म्होरकी उंटीण केव्हाची खोळंबलीय. कळप चरायला सोडायचाय. गवत काढल्याशिवाय वाजणार कशी ती?

दार्मी : नाही वाजली तरी चालेल. माझ्या सोरानं आपल्या बोटांनी कोंबलंय ते गवत. त्याच्या थडग्यावरचे दगड अजून तापायचेत, आणि तुम्हाला कळपाची घाई!

गल्गालो : मुक्या घंटेमागं उंट चालत नाहीत. पांगतील.

दार्मी : जळला तो कळप!

गल्गालो : तो माझाही पोरगा होता, दार्मी. त्याच्या जन्माला कोरली ही मी. चरबी चोळचोळून लाकूड मुरवलं, काठानं नक्षी काढली. लोक म्हणायचे, गल्गालोची घंटा चालबीच्या वाळवंटापलीकडूनही ओळखू येते.

दार्मी : मिरवा! आणि ती गप्प करायला कुणी शिकवलं त्याला?

गल्गालो : लुटारू दिसले की घंटेत गवत कोंबायचं, हे माझ्या बापानं मला शिकवलं. म्हणून तर उंट वाचले. सकाळी एकेक करत आपले आपण घरी आले.

दार्मी : उंट आले! पोर गोळी लागून नाल्यात पडलं होतं, आणि तुम्ही गडीमाणसं रात्रभर अंधारात कान टवकारून घंटा शोधत फिरत होतात.

गल्गालो : त्याच नाल्याच्या काठानं गेलो गं मी. लुटारू जवळपास होते, हाका मारायची सोय नव्हती. म्हटलं, घंटा वाजत नाही, म्हणजे इथं नाही तो. मीच शिकवलेलं गवत तेव्हा आठवलंच नाही.

दार्मी : त्याच्या हातापाशी वाळू केवढी उकरली होती, पाहिलीत? जिवंत होता हो माझा सोरा. बराच वेळ जिवंत होता.

गल्गालो : पुरे कर. मला नाही ऐकवत.

(बाहेरून मुलीची हाक येते : “आबा, ऊन चढलं! सोडू का उंट?”)

गल्गालो : थांब, तलासो, आलोच! आजपासून तीच जाणार. दुसरं आहे कोण आपल्याला? बजावलंय तिला, लांब धूळ दिसली की आधी घंटेत गवत...

दार्मी : काय बजावलंत?

गल्गालो : मग काय सांगू पोरीला?

दार्मी : सरका. मी काढते ते गवत.

गल्गालो : हळू गं. असं ओरबाडू नकोस, आतला लोलक तुटेल.

दार्मी : तलासो, इकडे ये. नीट ऐक. काही झालं तरी ही घंटा बंद करायची नाही. उंट नेले तर नेऊ देत. तू कुठं आहेस, ते मला ऐकू आलं पाहिजे.